पाहण्यासारखे काही नसलेले तळे

११ एप्रिल १९७९
यामातो-कोरियामा

प्रिय तोवाकोताई,

पत्राच्या आरंभी ऋतूचा उल्लेख करावा हा शिरस्ता. म्हणून लिहिते, की खंदकाकाठच्या चेरीचा बहर ओसरला आहे आणि पाकळ्या आता गटारातून वाहत आहेत. तुझ्याकडे उत्तरेत कुशिरोला अजून बर्फ असेल. शिरस्ता पाळून झाला. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते : आपल्याकडे तळे नाही, आणि ते पाहायला माणसे येणार आहेत.

मागच्या रविवारी कुनिकोआत्याने माझ्यासाठी चौथे स्थळ आणले. पहिली तीन तू गेल्यानंतरची, त्यामुळे तुला ठाऊक नाहीत. ठाऊक असावे असे त्यांत काही घडलेही नाही. तिन्ही वेळा मी सूप संपवले, चटईचे काठ पाहिले आणि घरी आले. तिन्ही घरांकडून एकच निरोप आला, 'मुलगी आमच्या मानाने फारच चांगली आहे.' याचा अर्थ तुला सांगायला नको. आत्या म्हणाली, "चिगुसा, चौथ्या वेळी निदान एक वाक्य बोल. कुठलंही चालेल."

तेच वाक्य आता अंगाशी आले आहे.

हे मोरिवाकींचे घराणे. स्टेशनपलीकडे सोनेरी माशांची जी तळी आहेत, त्यांतली निम्मी त्यांची. मुलगा तिसरा, नाव तात्सुओ, वय तीस. त्यांचे कान बोलण्याआधी लाल होतात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, "मला माशांतलं फारसं कळत नाही." यावर सगळे कौतुकाने हसले, कारण ज्याच्या तीन पिढ्या माशांत गेल्या त्यानेच असे बोलावे. मग थोरल्या मोरिवाकींनी मला विचारले, घरी मासे पाळता का? आत्याने टेबलाखालून मला पाय लावला. मी म्हणाले, "मागे एक डबकं आहे. पाहण्यासारखं काही नाही."

ताई, हे अक्षरशः खरे होते. तुझे पर्सिमनचे झाड वादळात पडले तेव्हा मागे जो खड्डा झाला, त्यात पाणी साचते. त्यालाच मी डबके म्हणाले. पण बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले. आपल्या गावात स्वतःच्या तळ्याला डबके कोण म्हणतो, हे तुला माहीत आहे. ज्याच्याकडे दगडी काठ आणि डोंगरातून आणलेले शेवाळ असते, तोच म्हणतो.

आई सावरायला गेली. "अहो, तिचं काय ऐकता. ते डबकंही नाही. नुसता खड्डा आहे." थोरले मोरिवाकी आसनावर जरा पुढे सरकले. "तुमच्या यजमानांनी केलेला का?" आई म्हणाली, "नाही हो, आपोआप झाला." तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. आपल्या कलेला 'आपोआप झाली' म्हणणारा माणूस हयात असता तर भेट घडली असती, असे काहीसे ते म्हणाले. बाबा पोस्टात होते आणि त्यांना कुंडीतला निवडुंगही जगवता आला नाही, हे सांगायला कुणालाच जागा उरली नाही.

यानंतर तात्सुओंनी मला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला, "पाण्यावर ऊन किती वेळ असतं?"

मी विचार केला. खरोखर विचार केला, कारण आजवर कुणीही मला विचार करावा लागेल असा प्रश्न विचारला नव्हता. सगळे स्वयंपाकाचेच विचारत. मी म्हणाले, "दुपारपर्यंत." ते म्हणाले, "असं." आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

मला हे स्थळ हवे आहे, ताई. तोंडाने मी हे कुणाला सांगितलेले नाही. सांगता येईल असे वाटत नाही. म्हणून कागदावर तुला सांगते.

काल आत्याचा फोन आला. माशांची अंडी घालण्याची गर्दी संपली की, जूनच्या शेवटच्या रविवारी, मोरिवाकी तळे पाहायला येतील. आईने तिला तीनदा सांगितले की तळे नाही. आत्या म्हणाली, "वहिनी, पुरे आता. विनय फार झाला की लोकांना तो गर्व वाटतो."

आणखी एक गोष्ट लपवली तर मला झोप लागणार नाही. आत्याने त्यांना मी एकुलती एक आहे असे सांगितले आहे. जी मुलगी भर बैठकीत 'नाही' म्हणून उठून गेली, तिच्या बहिणीला कोण करणार, असे तिचे म्हणणे. त्या वेळी आई चहा ओतत होती. तिने कप भरून वाहेपर्यंत ओतला.

तू तेव्हा 'नाही' कसे म्हणालीस? श्वास आधी घेतलास की नंतर? वेळ मिळाल्यास कळव.

तुझी,
चिगुसा

---

२९ एप्रिल

प्रिय ताई,

विस्टेरियाच्या फुलांचे झुबके खाली उतरू लागले आहेत. मी तुला सहा पाने लिहिली होती. तुझे पोस्टकार्ड मिळाले. त्यावर एकच शब्द होता, 'खण.'

तो शब्द मी आईला दाखवला नाही. पण पोस्टकार्ड हे पोस्टकार्डच असते. आईने ते पेटीतून काढले, पालथे करून माझ्या ताटाशेजारी ठेवले आणि फावडे शोधायला गेली. तुझे नाव ती अजून घेत नाही. परवा म्हणाली, "तू ज्या कुणाला लिहितेस, त्या कुणाला विचार, तिकडे एप्रिलमध्ये लोकरीचे मोजे लागतात का." लागतात का, ताई?

मी ग्रंथालयातून तळ्यांविषयीची तिन्ही पुस्तके घरी आणली. ग्रंथपाल मीच असल्यामुळे परवानगी मिळाली. पहिल्या पुस्तकाच्या मते तळे खोल हवे, दुसऱ्याच्या मते उथळ. तिसऱ्याचा लेखक म्हणतो की ज्याला हा प्रश्न पडतो त्याने तळे करू नये. मी पहिल्या पुस्तकाप्रमाणे जायचे ठरवले, कारण त्यात प्रकरणांना क्रमांक आहेत.

खरी अडचण दिशेची निघाली. खड्डा घराच्या ईशान्येला आहे. भुते ज्या कोपऱ्यातून आत येतात तिथे पाणी ठेवणे म्हणजे त्यांना पाय धुवायची सोय करणे. आई होकायंत्र हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तरीच." तिची नजर खड्ड्यावर होती आणि तो खड्डा तू गेलीस त्याच शरदात झाला हे आम्हां दोघींना माहीत आहे. तीन वर्षांत किती जणांनी तो बुजवून द्यायची तयारी दाखवली. ती प्रत्येकाला म्हणाली, "राहू दे, कुणाला नडतोय." तो सगळ्यांनाच नडतो. शेजारच्या हासुमीबाई त्यात दोनदा पडल्या आहेत.

शेवटी दिशेचा प्रश्न आईने असा सोडवला. दिशा मोजायची ती घराच्या मध्यापासून. घराचा मध्य कुठे? नकाशात तो जिन्याखाली येतो. आई म्हणाली, "जिन्याखाली कोण राहतं? घराचा मध्य म्हणजे मी दिवसभर असते ती जागा." ती होकायंत्र घेऊन चुलीपाशी उभी राहिली. तिथून खड्डा बरोबर पूर्वेला येतो. भुतांना आता हासुमीबाईंच्या अंगणातून यावे लागेल.

खणायला सुरुवात करण्याआधी तिने एकच अट घातली. झाडाचे जुने मूळ अजून मातीत आहे, त्याला फावडे लागता कामा नये. मी म्हटले, पुस्तकात तळे गोल आहे. ती म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या अंगणात झाड नसेल."

म्हणून आपले तळे आता मुळाला वळसा घालून जाते. वरून पाहिले तर ते कुणीतरी अर्धा खाऊन ठेवलेल्या रताळ्यासारखे दिसते.

तुझी,
चिगुसा

---

२० मे

प्रिय ताई,

सगळीकडे नवी पालवी दाटली आहे. आम्ही मात्र सार्वजनिक स्नानगृहात जातो, कारण आपल्या टबात मासे आहेत.

हे कसे झाले ते क्रमाने सांगते. कारण क्रमानेच झाले. खणणे पार पडले. हासुमीबाई कुंपणावरून रोज विचारत, "काय करताय?" आई रोज उत्तर देई, "काही नाही, उगीच जरा." त्यामुळे आपण खड्ड्यात पुरून मुळ्यांची साठवण करतो आहोत असे गल्लीने ठरवले आणि आम्हांला तीन घरांतून मुळे आले. मग आम्ही सिमेंट लावले. आईचा हात चांगला आहे. ती केकवर साय पसरावी तसे पसरते. त्यानंतर पुस्तकाचे सहावे प्रकरण, मासे आणणे.

कोरियामातून मासे घेतले असते तर संध्याकाळपर्यंत मोरिवाकींना कळले असते. म्हणून आम्ही ओसाकाला गेलो. सोनेरी माशांच्या गावात राहून मासे आणायला ओसाकाला गेलेल्या आम्ही पहिल्याच असू. दुकानदाराने विचारले, "कुठून आलात?" आई म्हणाली, "लांबून." तीन मासे झाकणाच्या डब्यात घालून मांडीवर आणले. गाडीत समोरच्या गृहस्थांनी विचारले की डब्यात काय आहे. आई म्हणाली, "सूप." तेवढ्यात डब्यातून टपकन आवाज आला. आई म्हणाली, "ताजं आहे."

घरी येऊन मी नववे प्रकरण उघडले. त्यात लिहिले होते की नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, आणि पुष्कळ दिवस पाणी भरून, पेंढा घालून, उपसून, पुन्हा भरून तो उतरल्याखेरीज त्यात मासा सोडल्यास तो मरतो. नववे प्रकरण सहाव्याच्या आधी का नाही, हा प्रश्न मी लेखकाला पत्राने विचारणार आहे.

मासे डब्यात तोंड वर करू लागले. आईने इकडेतिकडे पाहिले आणि न्हाणीघराचे दार उघडले. सुदैवाने टबात दोन दिवसांचे गार पाणी होते. तेव्हापासून ते तिथे आहेत. आई त्यांना झोपण्यापूर्वी झाकण घालते.

स्नानगृहात बायका चौकशी करतात. चुलीचा बंब बिघडला का? दुरुस्तीवाला हवा का? आई म्हणते, "बिघडला नाही. पाहुणे उतरलेत." तेव्हा त्या पुन्हा अंगावर पाणी ओतू लागतात. बहुधा त्यांना वाटते की आपले पाहुणे फार वेळ न्हातात.

तू विचारलेस, तात्सुओ दिसायला कसे आहेत. मी चटईचे काठ पाहत होते. कान पाहिले तेवढे सांगितले.

तुझी,
चिगुसा

ता. क. लोकरीचे मोजे मी टाकलेले नाहीत. या पाकिटात ते कसे आले मला माहीत नाही.

---

११ जून

प्रिय ताई,

हायड्रेंजियाची फुले निळी झाली आहेत. तळे भरले आहे, मासे त्यात आहेत, जिवंत आहेत, आणि मी चिंतेत आहे.

कुंडीत आयरिस लावला. कुमुदिनीची चार पाने वर आली. पाण्यावर जलपर्णी सोडली, तिच्या मुळांत माशांना लपता येते. आईने कडेला ओव्यासारखी ती पाण्यातली भाजी लावली, म्हणजे सगळेच फुकट जायला नको. आणि मग पाणी हिरवे होऊ लागले. पुस्तकात लिहिले आहे की माशांचे जाणकार ज्या पाण्यासाठी तरसतात ते हेच. जुन्या तळ्याची ती खूण आहे. मी हरखून गेले, कारण आमचे तळे जुने दिसणे आवश्यक आहे. ते नुकतेच, त्यांच्यासाठी खणले असे कळले, तर मुलीकडच्यांनी किती हात पसरले असे होईल. शिवाय तोंडावर खोटे ठरू, ते वेगळेच.

पण तू आईला ओळखतेस. पाहुणे येणार आणि घरात काहीतरी बुळबुळीत आहे, हे तिला सोसत नाही. मी ग्रंथालयात गेले की ती पाणी उपसते, काठ घासते आणि नवे पाणी भरते. मासे टबात जातात आणि आम्ही स्नानगृहात. हे दोनदा झाले. कुमुदिनीची पाने ती ओल्या फडक्याने पुसते. मी तिला सहा वाक्यांचे निवेदन लिहून ते स्वयंपाकघराच्या दारावर लावले. तिने त्याखाली लिहिले, 'वाचले.'

"आई, हिरवं पाणी म्हणजे घाण नव्हे," मी धीर करून म्हणाले.

"हे तू म्हणतेस," ती म्हणाली. "त्यांच्या मनात काय येईल? या घरातल्या मुलीला साधं तळं घासता येत नाही."

तुझे आणखी एक पोस्टकार्ड आले. 'खरं सांग की.' एवढेच. तुला सोपे वाटते, ताई. आम्ही पहिल्या दिवसापासून खरेच सांगत आहोत. त्यानेच हे सगळे झाले.

तुझी,
चिगुसा

---

२५ जून

प्रिय ताई,

आज ऋतूविषयी काही लिहीत नाही.

काल ते येणार होते. सकाळी मी मिठाई आणायला गेले. आईनेच पाठवले, आणि 'सावकाश ये' म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवे होते. परत आले तर अंगणात बादल्या ओळीने मांडलेल्या, एकीत कुमुदिनी, दुसरीत आयरिस, तिसरीत जलपर्णी. आणि तळ्याच्या मधोमध, बाह्या खोचून, कुंचा घेऊन आई. तळे कोरडे होते. इतके स्वच्छ होते की त्यात जेवायला वाढता आले असते.

"पाणी?" मी विचारले.

"आता सोडते नळ. अर्ध्या तासात भरेल."

नळाचे पाणी ताजे चालत नाही, त्यातले औषध उडायला वेळ लागतो, हे मी सांगत होते तेवढ्यात फाटक वाजले. आत्याला वेळेआधी येण्याची सवय आहे. तिच्यामागे थोरले मोरिवाकी, काळ्या समारंभी पोशाखात, आणि त्यांच्यामागे तात्सुओ. आई कुंचा पाठीमागे धरून तळ्यातच उभी राहिली. मग काठावर आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी म्हटलंच होतं. नुसता खड्डा आहे."

ताई, तीन महिन्यांत प्रथमच हे वाक्य आणि समोरचे दृश्य यांत काहीही फरक नव्हता.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. थोरले मोरिवाकी काठाशी गेले आणि उकिडवे बसले. मग ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी मासे बघतोय. बिनमाशांचं तळं मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं."

आत्या काहीतरी बोलणार होती. त्यांनी हात वर केला.

"पाणी नाही, पण पाणी दिसतं. आणि हा वळसा. कोपऱ्यावर उगीच दबून गेलेला. अशी वाकडी रेघ मुद्दाम काढता येत नाही. तुमच्या यजमानांना विलक्षण दृष्टी होती."

आत्याने एका श्वासात रंग बदलला. "आमच्या दादाचं असंच असायचं," ती म्हणाली. "दिसायला पोस्टातला माणूस."

तेव्हा मला समजले की आम्ही वाचलो आहोत. मला काही करायचे नव्हते. केवळ गप्प राहायचे होते, आणि तेवढी एकच विद्या मला उत्तम येते. थोरले मोरिवाकी तृप्त होते. आत्याने तर मनात मुहूर्तही काढला असेल. मी चटईचे काठ शोधू लागले. पण अंगणात चटई नसते, म्हणून माझी नजर वर गेली आणि तात्सुओंच्या चेहऱ्यावर पडली. ते तळ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ घाबरलेपण होते. वर्गात न समजलेल्या धड्यावर आता आपल्यालाच विचारणार, असे वाटणाऱ्या मुलाचे असते तसे. मला वाटले, आता गप्प राहिले तर हा माणूस जन्मभर आमच्या खड्ड्याला मान देत राहील, आणि मी जन्मभर तो घेत राहीन.

मी श्वास घेतला. आधी घेतला, ताई. आता मला माहीत आहे.

"तसं नाही," मी म्हणाले. "इथे झाड होतं, ते वादळात पडलं. तळं मी गेल्या दोन महिन्यांत खणलं. तुम्ही येणार म्हणून. बाबांनी आयुष्यात काही खणलं नाही."

"चिगुसा थट्टा करतेय," आत्या म्हणाली. "फार विनोदी आहे."

आजवर माझ्याविषयी असे कुणी म्हटले नव्हते. मी म्हणाले, "थट्टा नाही, आत्या. मासेही आहेत. ते न्हाणीघरात आहेत."

पाहुण्यांना न्हाणीघर दाखवण्याची वेळ कुठल्या घरावर येऊ नये. थोरल्या मोरिवाकींनी टबाचे झाकण उचलले. तिन्ही मासे वर आले, कारण झाकण उघडले की खायला मिळते हे त्यांना कळून चुकले आहे. थोरले मोरिवाकी वाकले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते म्हणाले, "हे आमचेच."

आई म्हणाली, "नाही हो, ओसाकाचे. पावती आहे."

"ओसाकाला कुठून जातात? आमच्याकडूनच." त्यांनी एकाकडे बोट दाखवले. "शेपटी जरा वाकडी. म्हणून बाहेरगावी पाठवला."

"मग मीच पोचवला असेल," तात्सुओ दारातून म्हणाले. "ट्रक मी चालवतो." आणि कान लाल होण्याची वाट न पाहता ते पुढे बोलत गेले. "मला वाकडी शेपटी ओळखू येत नाही. नवं तळं, जुनं तळं, काही ओळखू येत नाही. त्या दिवशी मी सांगितलं होतं, मला माशांतलं कळत नाही. दर ठिकाणी सांगतो. दर ठिकाणी लोक हसतात."

"पुरे, तात्सुओ," त्यांचे वडील म्हणाले.

"बाबा, माझ्या हातात मासे मरतात. हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही मला ट्रक दिला."

मला एक गोष्ट विचारल्याखेरीज राहवले नाही. "मग पाण्यावर ऊन किती वेळ असतं, असं का विचारलंत?"

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबांनी शिकवलं होतं, तळ्याचा विषय निघाला की एवढं विचार. मला तो एकच प्रश्न येतो. तुम्ही 'दुपारपर्यंत' म्हणालात. ते बरोबर की चूक, मला आजही माहीत नाही."

म्हणजे ज्या एका प्रश्नासाठी मी दोन महिने फावडे चालवले, तो पाठ केलेला होता. मला वाईट वाटायला हवे होते. मी हसले. तोंडावर हात न ठेवता हसले. आईने न्हाणीघराच्या भिंतीला हात टेकला, आणि टबातल्या माशांनी पुन्हा तोंडे वर केली.

हसणे ओसरल्यावर थोरल्या मोरिवाकींनी चष्मा खाली घेतला. एवढे ऐकूनही त्यांचे तळ्यावरचे लक्ष उडाले नव्हते. "सगळं मानलं," ते म्हणाले. "पण तो वळसा? तो तरी कुणी काढला?"

मी उत्तर देणार होते. आई आधी बोलली.

"तिथे पर्सिमनच्या झाडाचं मूळ आहे. ते झाड आमच्या तोवाकोनं लावलं होतं, पहिलीत असताना. खाल्लेल्या फळाची बी. मोठी मुलगी माझी. कुशिरोला असते."

आत्या खाली बसली.

ताई, आईने तुझे नाव अनोळखी माणसांसमोर, समारंभी पोशाखातल्या माणसांसमोर, हातात कुंचा घेऊन घेतले. थोरल्या मोरिवाकींनी एकुलत्या एका मुलीच्या मोठ्या बहिणीविषयी काही विचारले नाही. आत्याकडे एकदा पाहिले, तेवढेच. मग म्हणाले, "पर्सिमनला फळ धरायला आठ वर्षं लागतात. मूळ राखलंत हे बरं केलंत. थोरलीला तळं दाखवलंत का?"

"दाखवण्यासारखं काही..." आई म्हणाली आणि थांबली. हे वाक्य तिने अर्धवट टाकलेले मी प्रथमच ऐकले.

जाताना फाटकापाशी तात्सुओ मागे राहिले. म्हणाले, "मला पुन्हा यायला आवडेल. माशांसाठी नाही." अशा वेळी मुलीने काय म्हणायचे ते मला पाठ आहे : आमच्यासारख्यांच्या घरी आपण कशाला तसदी घ्यावी, वगैरे. ती सगळी वाक्ये ओठांपर्यंत आली. मग मला तुझी पोस्टकार्डे आठवली.

मी म्हणाले, "हो."

एवढे आखूड वाक्य मी आजवर बोलले नव्हते.

आज सकाळी ट्रक आला. त्यात एक मोठे पिंप होते, त्यांच्या सर्वांत जुन्या तळ्यातले हिरवेगार पाणी. पिंपाला समारंभी कागद गुंडाळून वर दोरी बांधली होती आणि चिठ्ठी होती, 'क्षुल्लक वस्तू आहे.' तात्सुओंनी ते तळ्यात ओतले. अर्धे त्यांच्या बुटांत गेले. मासे मी सोडले, त्यांनी हात लावला नाही. त्यांनी ठासून सांगितले आहे की हे पाणी घासायचे नाही. आई आता काठाशी स्टूल टाकून बसली आहे. कुंचा तिच्या मांडीवर आहे.

हे पत्र बंद करणार होते तेवढ्यात तिने ते मागून घेतले आणि खाली काहीतरी लिहिले. मी वाचलेले नाही, असे समज.

तुझी,
चिगुसा

ज्या कुणाला हे पत्र जाईल तिला,
ऑगस्टात पितरांच्या सणाला तुझ्या बाबांसाठी दिवे लावायचे आहेत. घर लहान आहे. पाणी हिरवं आहे आणि मला घासू देत नाहीत. टब मोकळा झालाय. पाहण्यासारखं काही नाही.
तोवाको, ये.